नक्षीची मागवजनं: मातीच्या गोळ्यापासून लटकत्या ताण्यापर्यंत

या लेखात आपण मागाचे धागे ताणून धरणारी मातीची अठरा वजनं, म्हणजेच मागवजनं, घडवणार आहोत. त्यांच्यावर नक्षी काढू, ती भाजून आणू आणि भिंतीला टेकवलेल्या उभ्या मागावर लटकवून तीस सेंटिमीटर रुंद, मीटरभर लांब लोकरी कापड विणू. हातमागाची ओळख नसली तरी चालेल. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक पट्टी आणि ओळखीचा कुंभार मात्र हवा.

नमुना म्हणून मी प्राचीन ग्रीस आणि दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहती धरल्या आहेत. नक्षीची वजनं इतर देशांतही सापडतात, पण तारांतो, मेतापोंतो, हेराक्लेआ आणि कॉरिंथ इथल्या वजनांवर जितकी विविधता दिसते तितकी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

हा माग कसा चालतो

आपल्याकडचा जुना माग आडवा. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि ताणा, म्हणजे कापडाचे लांबीतले धागे, त्याच्यासमोर जमिनीला समांतर, दोर-खुंट्यांनी ओढून धरलेला असतो. घोंगडी असो की पैठणी, ताण आडवाच. ग्रीक बाईचा माग भिंतीला किंचित तिरका टेकवलेला असे. दोन उभे खांब, त्यांच्या डोक्यावर एक आडवा दांडा, त्या दांड्यावरून ताण्याचे धागे खाली सुटलेले आणि धाग्यांच्या झुबक्यांना खाली मातीची वजनं बांधलेली. ताण देण्याचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. कापड वरून सुरू होऊन खाली वाढत जातं, त्यामुळे बाणा, म्हणजे आडवा धागा, वरच्या दिशेने ठोकावा लागतो. विणणारी उभ्यानेच विणते, आणि कापड रुंद असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालते.

हे सगळं एका छोट्या तेलाच्या कुपीवर रंगवलेलं आहे. अथेन्सच्या अमासिस चित्रकाराची ही काळ्या आकृत्यांची लेकिथॉस इ.स.पू. ५५०–५३०च्या सुमाराची असून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उंची जेमतेम सतरा सेंटिमीटर. पण तिच्यावर लोकर तोलणाऱ्या, सूत कातणाऱ्या, घडी घालणाऱ्या बाया आहेत आणि मधोमध माग आहे, खाली लोंबणाऱ्या वजनांसकट. काम सुरू करण्याआधी तिचा मोठा फोटो पडद्यावर उघडून ठेवा. पुढे माग उभा करताना माझ्या वर्णनापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

या मागाचं आयुष्य मोठं. हंगेरीतल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत इ.स.पू. सहाव्या सहस्रकातली वजनं मिळाली आहेत. रोमन लेखक सेनेका आपल्या एका पत्रात अशा वजनांनी ताणलेल्या मागाचं वर्णन उद्धृत करतो आणि लगेच म्हणतो की आता याहून नाजूक पद्धत आली आहे. म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये तो जुनाट ठरत होता. पण नॉर्वेच्या किनाऱ्यावर आणि उत्तरेतल्या सामी लोकांत तो विसाव्या शतकापर्यंत चालू राहिला, मातीऐवजी दगड बांधून. वस्त्रसंशोधक मार्टा हॉफमन यांनी तिथल्या बायकांकडून तो चालवायची रीत टिपून घेतली. आज आपण हा माग उभा करू शकतो त्यात त्या नोंदींचा वाटा फार मोठा आहे.

आधी हिशेब, मग माती

नव्याने शिकणारा सरळ नक्षीकडे धावतो. मोह होतो हे खरं, पण वजन मुळात अवजार आहे. चुकीच्या वजनावरची सुंदर नक्षी शोभेच्या कपाटात जाते, मागावर नाही.

कोपेनहेगन विद्यापीठात २००५ साली प्राचीन वस्त्रांच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. तिथल्या संशोधकांनी उत्खननात सापडलेल्या वजनांच्या प्रतिकृती करून, कसबी विणकरांकडून त्यांवर कापड विणून घेतलं. त्यातून जे हाती लागलं ते दोन वाक्यांत सांगता येतं. वजनाचा भार ठरवतो की एका वजनाला किती धागे बांधायचे. वजनाची जाडी ठरवते की कापड किती दाट होणार.

भार समजायला सोपा. प्रत्येक धाग्याला ठरावीक ताण लागतो: अगदी बारीक सुताला दहाएक ग्रॅम, जाड सुताला चाळीसच्या आसपास. कमी पडला तर धागा सैल लोंबतो, जास्त झाला तर तुटतो. आपलं सूत मध्यम आहे, त्याला २५ ग्रॅम धरू. मग २५० ग्रॅमच्या वजनाला १० धागे.

जाडीची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वजनं रांगेत एकमेकांना टेकून लटकतात. त्या रांगेची एकूण लांबी कापडाच्या रुंदीइतकी, फार तर थोडी जास्त हवी. रांग कापडापेक्षा बरीच रुंद झाली तर ताणा खाली घागऱ्यासारखा फाकतो, कडेचे धागे तिरके ओढले जातात आणि कापडाच्या कडा वाकड्या होतात. म्हणून वजन जड हवं असेल आणि कापड दाटही हवं असेल, तर वजन पातळ आणि पसरट करावं लागतं. चपट्या चकतीच्या आकाराची वजनं लोकांनी का केली असतील, याचं एक चांगलं उत्तर इथे मिळतं.

आता आपल्या कापडाचा हिशेब. रुंदी ३० सेंटिमीटर, सेंटिमीटरला ताण्याचे ६ धागे, म्हणजे एकूण १८० धागे. साध्या विणीत निम्मे पुढच्या थरात, निम्मे मागच्या थरात. प्रत्येक थरात ९०. एका वजनाला १० धागे, म्हणजे पुढे ९ आणि मागे ९ वजनं. एकूण १८. नऊ वजनांची रांग ३० सेंटिमीटरची हवी, म्हणून प्रत्येकाची जाडी ३.३ सेंटिमीटर.

२५० ग्रॅम भार आणि ३.३ सेंटिमीटर जाडी ही जोडी कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. भाजलेल्या मातीची घनता घन सेंटिमीटरला साधारण १.९ ग्रॅम धरली तर अशा चकतीचा व्यास सात सेंटिमीटरच्या थोडा वर येतो. तळहातात नीट मावेल असा आकार.

पिरॅमिडच्या आकाराचं वजन करायची इच्छा असेल तर थांबून बघा. तळ ५ सेंटिमीटर, माथा ३ सेंटिमीटर, उंची ८ सेंटिमीटर घेतली की भार तेवढाच, २५० ग्रॅम. पण नऊ वजनांची रांग आता ४५ सेंटिमीटर झाली. त्यावर ३० सेंटिमीटरचं कापड नीट विणलं जाणार नाही. पिरॅमिड वाईट नाही, ते विरळ किंवा वेगळ्या सुताच्या कापडाचं वजन आहे.

माती

कुंभाराकडून घडवायला तयार असलेली माती घ्या. सात किलो घेतली की चाचणीची आणि फुटतील त्यांची सोय झाली. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी हवेत सुकणारी हलकी क्ले घेऊ नका. त्या आकारात ती हवा तेवढा भार देत नाही, आणि भाजताही येत नाही.

आपली वजनं जाड आहेत, आणि जाड मातीत पाणी अडकतं. म्हणून मातीत बारीक चाळलेली रेती मिसळा, साधारण पाच भागांना एक भाग. जुन्या मडक्यांची कुटून केलेली पूड मिळाली तर त्याहून चांगलं. आपले कुंभार घोड्याची लीद आणि राख घालतात, तीही चालते, पण लीद भाजताना जळून जाते आणि वजन हलकं पडतं. इथे आपल्याला भार हवा असल्याने मी रेतीच्या बाजूने आहे. मग माती मळा. भाकरीच्या पिठापेक्षा जास्त वेळ, आणि मधून मधून गोळा फरशीवर आपटून. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो भट्टीत हिशेब चुकता करतो.

आता चाचणी. ओल्या मातीचे ३०० ग्रॅमचे दोन-तीन गोळे करून सुकवा, भाजून आणा, पुन्हा तोला. ओली माती सुकताना पाणी सोडते आणि भाजताना रेणूंत बांधलेलं पाणीही सोडते. मिळून चौथा हिस्सा किंवा थोडा जास्त भार जातो. तुमच्या मातीचा आकडा तुमच्या चाचणीतूनच येईल. तोवर अंदाज असा: भाजून २५० ग्रॅम हवे असतील तर ओली माती ३४० ग्रॅम. मातीचं अंगही आक्रसतं, दहा टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणून ओली चकती ३.६ सेंटिमीटर जाड आणि पावणेआठ सेंटिमीटर व्यासाची करा.

घडवणं

काट्यावर ३४० ग्रॅमचे अठरा गोळे तोलून घ्या, अधिक तीन जादा. सगळे ओल्या फडक्याखाली ठेवा. एकेक गोळा तळहातांत फिरवून गोल करा, फळीवर ठेवून दाबा आणि कडेवर उभा करून हलकेच लोळवा, म्हणजे कड सारखी होते. दोन्ही बाजूंना ३.६ सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यावरून लाटणं फिरवलं तर जाडी सगळ्यांची एक येईल. लाटणं पट्ट्यांवर टेकलं की थांबायचं.

बोटांचे ठसे राहिले तर पुसत बसू नका. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वजनांवर बोटांच्या रेषा स्पष्ट दिसतात, आणि त्यांचा अभ्यासही होतो.

भोक लगेच पाडायचं नाही. माती थोडी घट्ट होऊ द्या. बोटाने दाबली तर खचत नाही, पण नखाने ओरखडा उठतो, ही वेळ. काठापासून दीड सेंटिमीटर आत, आठ-दहा मिलिमीटर जाडीची गुळगुळीत काठी एका बाजूने फिरवत अर्ध्यापर्यंत घाला, मग दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने आरपार ढकलली तर मागे माती फुगून फाटते. भोकाच्या कडा ओल्या बोटाने गोल करा, धारदार कड दोरी कापते. भोक चकतीच्या सपाट बाजूतून जातं हे लक्षात असू द्या.

मेतापोंतो आणि हेराक्लेआच्या चकत्यांना बहुधा शेजारी शेजारी दोन भोकं असतात. दोन भोकांतून दोरी ओवली की वजन गरगर फिरत नाही. फिरणारं वजन एकपदरी सुताचा पीळ उलगडतं आणि पीळ गेलेला धागा तुटतो. मीही दोन भोकांचाच सल्ला देईन, मधे दोन सेंटिमीटर अंतर ठेवून.

नक्षी

आता हव्या त्या गोष्टीकडे येऊ. नखाने ओरखडा उठतो तीच वेळ नक्षीचीही. त्याआधी ठसा चिकटतो, त्यानंतर उमटत नाही.

सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत अस्सल पद्धत ठशाची. दक्षिण इटलीतल्या वजनांवर अंगठ्यांच्या खड्यांचे ठसे आहेत, त्यात कोरलेली चिमुकली माणसं, प्राणी, देवता. कुठे केस उपटायच्या चिमट्याचा ठसा, कुठे कर्णफुलाचा. म्हणजे घरातल्या बाईने स्वतःच्या अंगावरची किंवा प्रसाधनाच्या पेटीतली वस्तू ओल्या मातीत दाबली. मातीची वस्तू कवडीमोलाची, पण तिच्यावर जो ठसा आहे तो तिच्या मालकिणीच्या सगळ्यांत मौल्यवान वस्तूचा. मला ही कल्पना फार आवडते. तुम्हीही बाजारातून ठसे आणू नका. नाण्याची कड, जोडव्याची नक्षी, चावीचं डोकं, शंखाची पाठ, जे रोज हाताळता ते वापरा. वस्तूला आधी तेलाचं बोट लावा, सरळ दाबा आणि न हलवता उचला. खडे चिकटवलेला दागिना वापरू नका, खडा मातीत राहतो.

दुसरी पद्धत कोरण्याची. हिचा एक जुना आणि भारदस्त नमुना इटलीच्या पायाच्या चवड्यावर, कालाब्रियात आहे. फ्रांकाविला मारित्तिमाजवळच्या तिम्पोने देल्ला मोत्ता टेकडीवर डच पुरातत्त्वज्ञ मारियान क्लाइब्रिंक यांच्या उत्खननात इ.स.पू. आठव्या शतकातली मोठाली वजनं निघाली. त्यांच्यावर भूलभुलैयासारख्या वळणाच्या रेषा आणि स्वस्तिकं कोरलेली आहेत. ती तिथल्या ओइनोत्री लोकांची. पुढे त्याच टेकडीवर ग्रीक अथेनेचं देऊळ झालं, आणि अथेना ही विणकामाचीही देवी. स्वस्तिक पाहून आपल्याला लगेच उंबरठ्यावरची रांगोळी आठवते. पण आपला अर्थ त्यांच्या मातीवर चढवू नये. वळणाची रेषा चौकटीत दुमडत नेली की स्वस्तिक आपोआप तयार होतं, आणि ही वळणं त्या काळातल्या भांड्यांवरही भरपूर आहेत.

कोरायला बांबूची टोकदार काडी घ्या, लोखंडी खिळा मातीचे कण उपटतो. आधी चकतीवर चौकोन आखा, त्याचे समान घर पाडा आणि वळण घरांच्या रेषांवरून न्या. एका रेषेची खोली दोन मिलिमीटरच्या वर नको. खोल रेषेशी माती सुकताना तडकते. उठलेला भुगा लगेच झटकू नका, सुकल्यावर मऊ ब्रशने काढा, नाहीतर तो रेषेतच चोपला जातो.

तिसरी पद्धत साच्याची. तारांतोच्या प्रसिद्ध घुबडाची कल्पना करा: अथेनेचं घुबड, पण त्याला माणसाचे हात, आणि त्या हातांनी ते शेजारच्या टोपलीतली लोकर कातत आहे. अशी उठावाची वजनं इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांतली आहेत. थोडा थट्टेचा, थोडा भक्तीचा असा हा सूर मला मोठा गोड वाटतो. नवशिक्याने मात्र उठावाची नक्षी पहिल्या संचात करू नये. उठाव जाडी वाढवतो आणि जाडीचा हिशेब आपण मिलिमीटरात केला आहे. चकत्या सपाट बाजूंनी एकमेकींना टेकून लटकतात, उठाव शेजारणीत अडकतो. करायचाच असेल तर खोलगट भागात करा, पृष्ठभागाच्या वर येऊ देऊ नका.

नक्षी कुठे काढायची हेही त्यावरूनच ठरतं. रांगेत लटकल्यावर चकत्यांच्या सपाट बाजू झाकल्या जातात आणि विणणारीला दिसते ती कड. म्हणून ओळखीची खूण कडेवर, भोकाच्या वरच्या अंगाला द्या. कॉरिंथच्या शंकूंवर आणि अनेक पिरॅमिडांच्या माथ्यावर छोटे ठसे किंवा अक्षरं असतात ती अशीच मोक्याच्या जागी. सपाट बाजूची नक्षी वजन हातात घेणाऱ्यासाठी.

या खुणा कशासाठी? मालकी, संच ओळखणं, घडवणाऱ्याची निशाणी, देवाला वाहायची वस्तू असे तर्क आहेत, आणि वजनं देवळांत वाहिलेली सापडतातही. एकाच घरातल्या वजनांत आकारांची, वयाची, ठशांची सरमिसळ असते. आईकडून आलेली, शेजारणीकडून घेतलेली, नवी घडवलेली, सगळी एका मागावर. माझं मत विचाराल तर रोजच्या कामात खुणेचा उपयोग सरळ आहे: ढिगातून सारख्या भाराची वजनं हाताला पटकन लागावीत. तुम्हीही प्रत्येक संचाची एक खूण ठरवा. या अठरांना एक टिंब, पुढच्या जड संचाला दोन.

सुकवणं आणि भाजणं

इथे घाई करायची नाही. चकत्या वर्तमानपत्रावर सावलीत कडेवर उभ्या ठेवा, वर सैल प्लास्टिक, रोज उलटा. चार-पाच दिवसांनी प्लास्टिक काढा. चकती गालाला लावल्यावर गार लागत असेल तर आत अजून ओल आहे. पावसाळ्यात हे काम काढूच नका, कोकणात तर नाहीच.

घरच्या ओव्हनमध्ये माती भाजली जात नाही. तो अडीचशे अंशांपर्यंत जातो आणि मातीला मडकं व्हायला सहाशे अंशांच्या वर उष्णता हवी. ओव्हनचा उपयोग इतकाच की भट्टीला नेण्याआधी नव्वद अंशांवर काही तास ठेवून उरलीसुरली ओल घालवता येते. मग कुंभाराला विनंती करा की मडक्यांच्या भट्टीत ही वजनं मधल्या थरात ठेवा, जाळाच्या तोंडाशी नको. वजनं जाड आहेत हे आधी सांगा. एक फुटलं तर त्याचे तुकडे शेजारची मडकी फोडतात, आणि नुकसान त्यांचं.

भट्टीची सोय नसेल तर नीट सुकलेली कच्ची वजनंही कोरड्या खोलीत काम देतात. प्राचीन काळी सगळ्यांनीच भाजली असं नाही. कितीतरी कच्ची वजनं आज आपल्या हाती आहेत ती घराला आग लागून ती भाजली गेली म्हणून.

परत आल्यावर प्रत्येक वजन तोला आणि तळावर पेन्सिलीने आकडा लिहा. २४० ते २६० ग्रॅममधली सगळी चालतील. त्याबाहेरचं फेकू नका: २७५ ग्रॅमच्याला अकरा धागे, २२५च्याला नऊ.

माग आणि ताणा

सुतारकामाची ही बाजू सोपी आहे, म्हणून थोडक्यात. पावणेदोन मीटरचे दोन खांब, डोक्यावर खाच किंवा फाटा. त्यात बसणारा, फिरवता येईल असा आडवा दांडा. जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर दोन खांबांना बांधलेली एक पक्की आडवी काठी. खांबांच्या मध्यावर पुढे आलेल्या दोन खुंट्या. माग भिंतीला असा टेकवा की तळ भिंतीपासून हातभर पुढे राहील.

सूत दोन पदरी, घट्ट पिळाचं, पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचं घ्या. ताण्याला दीड मीटर लांबीचे १८० धागे म्हणजे २७० मीटर आणि बाण्याला दोनशेच्या आसपास. पाचशे मीटर घेऊन ठेवा. महाराष्ट्रात घोंगडी विणणाऱ्या सणगरांकडे दख्खनी मेंढीचं हातसूत मिळू शकतं. ते केसाळ असतं आणि लटकत्या ताण्यात शेजारचे धागे एकमेकांना बिलगतात. त्यावर उपायही त्यांच्याचकडे आहे: चिंचोक्याची खळ. ताणा ओढून धरून खळीचा हात फिरवा आणि तसाच सुकू द्या. धागा गुळगुळीत आणि कडक होतो.

ताणा चढवायची खरी ग्रीक रीत म्हणजे आधी एक अरुंद पट्टी विणणं, जिचा बाणा एका बाजूला लांब सोडत जायचा. ते लांब सोडलेले धागे मग मुख्य कापडाचा ताणा होतात आणि पट्टी दांड्याला शिवली जाते. ती दुसऱ्या कापडासाठी राखून ठेवा. पहिल्यांदा असं करा: तीन मीटरचे नव्वद धागे कापा, प्रत्येक मधोमध दुमडा, दुमड वरच्या दांड्यालगत ताणून बांधलेल्या जाड दोरीमागून घेऊन दोन्ही टोकं तिच्यातून ओढून घ्या. प्रत्येक धाग्याची आता दोन टोकं खाली लोंबतात. एक टोक खालच्या पक्क्या काठीच्या पुढून सोडा, दुसरं मागून. सगळ्या नव्वदांचं हेच. पुढचा आणि मागचा थर आपोआप वेगळे झाले.

आता वजनं. प्रत्येक वजनाच्या भोकांतून दोरीचा एक मजबूत फास ओवून गाठ मारा. ताण्याचे धागे थेट भोकात बांधायचे नाहीत, मातीवर घासून तुटतात. पुढच्या थरातले सलग दहा धागे एकत्र घेऊन, विंचरून, सारख्या ताणाने फासाला सैल सुटणाऱ्या गाठीने बांधा. खाली उरलेलं सूत गुंडाळून फासालाच अडकवा. मधून सुरुवात करा आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं कडांकडे जा, नाहीतर दांडा एका बाजूला झुकतो. पुढच्या रांगेची सगळी वजनं एका उंचीवर, जमिनीपासून वीतभर वर हवीत. जमिनीला टेकलेलं वजन काहीच ओढत नाही. मग मागची रांग. शेवटी वजनांच्या वर एका दोरीने प्रत्येक थराच्या धाग्यांना साखळी टाका घालत जा, म्हणजे धागे आपापल्या अंतरावर राहतात.

राहिली फाशांची काठी. एक हलकी काठी खांबांवरच्या खुंट्यांवर ठेवा. पुढच्या दोन धाग्यांच्या मधून हात घालून मागचा एक धागा पकडा, त्याला सुती दोऱ्याचा फास घाला आणि फास काठीला बांधा. मागच्या नव्वदही धाग्यांना. कंटाळवाणं काम आहे, गाणी लावून बसा. फास एका लांबीचे हवेत, म्हणून पुठ्ठ्याचा एक तुकडा माप म्हणून धरा. काम झालं की काठी खुंट्यांवरून उचलून मागे, खांबांना टेकू द्या.

विणणं

माग तिरका आहे. पुढचे धागे खालच्या काठीवर टेकलेले, मागचे सरळ ओळंब्यात. दोन थरांच्या मधे जी फट दिसते ती पहिली. तिच्यातून बाणा न्या, धोट्याऐवजी सुताची लांबट गुंडी चालेल. बाणा सरळ ताणून ठेवू नका, कमानीसारखा सैल ठेवून लाकडी पट्टीने वर ठोका. मग फाशांची काठी पुढे ओढून खुंट्यांवर ठेवा. मागचे धागे पुढच्यांच्या मधून पुढे येतात आणि दुसरी फट उघडते. बाणा परत न्या, वर ठोका, काठी मागे सोडा. काठी सोडताच वजनं एकमेकांवर आपटून खळखळतात. थोड्या वेळाने त्या आवाजावरूनच कळू लागतं की फट पूर्ण उघडली की नाही.

दर चार-पाच फेऱ्यांनी पट्टी आडवी लावून रुंदी मोजा. ३० सेंटिमीटरची २८ झाली असेल तर बाणा घट्ट ओढला जातो आहे. एखादा भाग सैल वाटला तर आधी तिथलं वजन बघा, ते जमिनीला टेकलेलं किंवा शेजारच्यावर चढलेलं असतं. धागा तुटला तर नवा तुकडा वर कापडात काही फेऱ्या गुंतवून खाली त्याच वजनाला बांधा.

हातभर कापड झालं की वरचा दांडा फिरवून ते गुंडाळा. वजनं वर उचलली जातील. प्रत्येक गाठ सोडून राखीव सूत मोकळं करा आणि वजन पुन्हा वीतभर उंचीवर आणा. ओडिसी या ग्रीक महाकाव्यातली पेनेलोपी दिवसा विणलेलं कापड रात्री उसवत असे. त्या कथेची गंमत या मागासमोर उभं राहिल्यावर कळते: उसवायची कड खालची, हाताशी असलेली. वर गुंडाळलेल्या जुन्या कापडाला धक्का लागत नाही आणि सकाळी येणाऱ्याला माग कालच्यासारखाच दिसतो.

जुनी वजनं विकत घेण्याबद्दल

इंटरनेटवर खरी प्राचीन वजनं म्हणून मातीच्या चकत्या विकायला असतात. घेऊ नका. त्यातल्या कित्येक नकली असतात, आणि खऱ्या असल्या तर बहुधा चोरून खणलेल्या. वजनाचं सगळं मोल ते कुठल्या खोलीत, किती वजनांच्या रांगेत सापडलं यात आहे. ट्रॉयमध्ये जळून गेलेल्या मागाच्या जागी वजनांच्या रांगा तशाच पडलेल्या मिळाल्या, म्हणून तिथे माग उभा होता हे कळलं. इ.स.पू. ३४८मध्ये मॅसिडोनियाचा राजा फिलिप याने उद्ध्वस्त केलेल्या ओलिंथोस या ग्रीक शहरातल्या घरांत वजनांचे पुंजके जिथल्या तिथे राहिले, म्हणून कुठल्या घरात विणकाम चाले ते सांगता येतं. पाकिटात घालून पाठवलेली एकटी चकती यातलं काहीच सांगत नाही.

तोच संच, दुसरं सूत

पहिलं कापड उतरवलं की हीच अठरा वजनं वेगळ्या सुताला लावून बघा. बारीक सूत घेतलं, ज्याला दहा ग्रॅमच ताण पुरतो, तर एका वजनाला २५ धागे लागतील. थरात २२५, एकूण ४५०, म्हणजे सेंटिमीटरला १५ धाग्यांचं दाट, पातळ कापड. चाळीस ग्रॅम मागणारं जाड सूत घेतलं तर एका वजनाला सहाच धागे, सेंटिमीटरला साडेतीनच्या जरा वर, आणि अंथरायला योग्य असं भरड कापड. रुंदी तीच, वजनं तीच. चौपट रुंद कापड हवं असेल तर मात्र याच मापाची आणखी चोपन्न वजनं घडवावी लागतील. तेव्हा कुंभाराकडून माती थोडी जास्तच आणून ठेवा.